साडूचं दुकान आणि तीन दरपत्रकं: हातपंपाच्या सुट्या भागांच्या खरेदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

खान्देशातला, सातपुड्याच्या पायथ्याचा एक तालुका. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. तालुक्यात सुमारे ४०० हातपंप, जवळपास सगळे इंडिया मार्क २. गावठाणात नळयोजना आल्या आहेत, पण होळीनंतर विहिरी आटल्या की वरचे पाडे हातपंपावरच तगतात. फेब्रुवारी ते जून या काळात सुटे भाग मिळाले नाहीत, की आठवड्याभरात टँकरची मागणी येते.

एका पंपाला लागतं काय, तर ३२ मिमीचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) राइझर, म्हणजे पाणी वर आणणारे पाइप, प्रत्येकी ३ मीटर लांब. त्यांच्या आतून जाणारे १२ मिमीचे रॉड. तळाला सिलिंडर आणि त्यातले वॉशर. वर साखळी, बेअरिंग आणि दांडा. ४५ मीटर खोल बसवलेल्या पंपाला १५ पाइप लागतात. वॉशर सतत झिजतात, पण ते स्वस्त असतात. पैसा जातो तो पाइपांवर.

खरेदीचा रस्ता ठरलेला होता. हातपंप यांत्रिक मागणी देतात, शाखा अभियंता ती एकत्र करून विनिर्देश (माल कोणत्या मापाचा आणि दर्जाचा हवा ते) लिहितात, तीन दरपत्रकं मागवली जातात, तुलनात्मक तक्ताही तेच करतात, उपअभियंता शिफारस करतात, कार्यकारी अभियंता मंजुरी देतात. माल आला की भांडारपाल नोंद घेतात आणि ‘विनिर्देशाप्रमाणे मिळाला’ असा दाखला शाखा अभियंता देतात. म्हणजे काय घ्यायचं, कोणाचा दर कमी आणि आलेला माल बरोबर आहे का, या तिन्ही प्रश्नांवर सही एकाच माणसाची. पुढचं सगळं प्रकरण समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

अडचण कुठे दिसली

अडचण कागदावर दिसायच्या आधी पाड्यावर दिसली. एप्रिलमध्ये एका पंपाचा सगळ्यात वरचा पाइप आट्यांपाशी तुटला आणि खालची सगळी माळ बोअरमध्ये गेली. पुढच्या तीन आठवड्यांत असंच आणखी दोन ठिकाणी झालं. यांत्रिकाने भांडारात येऊन सांगितलं, “पाईप हलका शे.” भांडारपालांनी ते मनावर घेतलं आणि सॉकेट काढून दहा पाइप तोलले. भरले ७८ किलो.

पुरवठा आदेशात मध्यम वर्गाचे पाइप होते. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे ३२ मिमीच्या मध्यम पाइपाची जाडी ३.२ मिमी आणि वजन मीटरला साधारण ३.१ किलो, म्हणजे दहा पाइपांचे ९३ किलो व्हायला हवेत. वजनात मानकाने दिलेली सूट धरली तरी ७८ कुठे बसत नव्हते. व्हर्निअर लावल्यावर जाडी २.६ मिमी निघाली, ती हलक्या वर्गाची. हलक्या पाइपावर पिवळा पट्टा असतो आणि मध्यमवर निळा. इथे पट्टा निळाच होता. हा सहा दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, पण आटे पाडताना जवळपास दीड मिमी धातू कापला जातो. मध्यम पाइपात आट्याच्या तळाशी १.७ मिमी उरतो, हलक्यात जेमतेम १.१. वरच्या पाइपावर खालच्या सगळ्या पाइपांचा आणि पाण्याचा भार लटकलेला असतो, वर दांड्याचे हिसके. तुटणार तो तिथेच.

त्याच सुमारास सिलिंडर आणि रॉडचं ₹२,९७,२०० चं देयक लेखा शाखेत गेलं. तिथले सहायक लेखाधिकारी नव्याने रुजू झाले होते. एकच पुरवठादार वारंवार दिसल्याने त्यांनी वर्षभराच्या नस्त्या (फायली) मागवल्या.

कागद काय सांगत होते

वर्षभरात सहा खरेद्या, एकूण ₹१४,६०,०००. त्यातल्या चार, म्हणजे ₹११,५१,०००, एकाच फर्मच्या. तिला आपण फर्म अ म्हणू. पहिला आदेश ३१० पाइपांचा, दर ₹९५०, रक्कम ₹२,९४,५००. अकरा दिवसांनी दुसरा, ३०० पाइप, दर ₹९६०, रक्कम ₹२,८८,०००. राज्याच्या उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेप्रमाणे ३ लाखांपर्यंत दरपत्रकांवर खरेदी चालत होती, त्यापुढे ई-निविदा. मागणीचे तुकडे पाडून मर्यादेत बसवायला मनाई होतीच. ६१० पाइपांची गरज अकरा दिवसांत दोनदा उपटली, हे कोणाला पटणार?

दरपत्रकं फर्म अ, ब आणि क अशा तिघांची होती. त्यांची तपासणी सहायक लेखाधिकाऱ्यांनी जीएसटीच्या संकेतस्थळावर केली. याला कोणाची परवानगी लागत नाही, खर्चही नाही. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरं राज्याची (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा म्हणजे पॅन, आणि तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं. फर्म अ आणि फर्म ब यांची मधली दहा अक्षरं एकच होती. तेराव्या जागी एकीला १, दुसरीला २. व्यापारी नावं वेगळी, कायदेशीर नाव एकाच मालकाचं. फर्म कची नोंदणी दरपत्रकाच्या तारखेआधी सहा महिने रद्द झालेली होती. म्हणजे तीन दरपत्रकं जोडलेली असली तरी स्पर्धा नव्हतीच. तिन्ही कागद पुरवठादारानेच एका लिफाफ्यात आणून दिले होते, हे नंतर लिपिकाने सांगितलं. तालुक्याच्या ठिकाणी ही पद्धत इतकी रुळलेली आहे की ते सांगताना त्यांना काही वावगं वाटलं नाही.

फर्म अचे मालक शाखा अभियंत्यांचे साडू. हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं, एका नस्तीतही लिहिलेलं नव्हतं.

नियम आणि त्यातली फट

शाखा अभियंत्यांचं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं: साडू कुटुंबात मोडत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नव्हतं. उपअभियंता राज्य सेवेतले, त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. शाखा अभियंता जिल्हा परिषद सेवेतले, त्यांना जिल्हा सेवा वर्तणूक नियम, १९६७. वर्तणूक नियमांत कुटुंब म्हणजे जोडीदार, मुलं आणि पूर्णपणे अवलंबून असलेले नातेवाईक. स्वतःचं दुकान चालवणारा साडू त्यात येत नाही. खान्देशात सोयरीक तालुक्या-तालुक्यात पसरलेली असते. साडू, मेहुणा, व्याही यांच्याशी रोजचा देवाणघेवाणीचा व्यवहार असतो. नियमातली व्याख्या तिथवर पोचतच नाही.

त्यांचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं. “मी तेव्हाच्या उपअभियंता साहेबांना सांगितलं होतं.” चौकशीत त्या अधिकाऱ्यांनी हे मान्य केलं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला होता, आणि “काही हरकत नाही, दर कमी असला म्हणजे झालं,” असं ते म्हणाले होते. पुढे त्यांची बदली झाली. नवीन उपअभियंत्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तोंडी सांगितलेलं हे असं बदलीबरोबर निघून जातं. ज्याने सांगितलं त्याला मात्र आपण कर्तव्य केलं असंच वाटत राहतं. शाखा अभियंत्यांनी मुद्दाम लपवलं, असं कागदांवरून म्हणता येत नाही.

पर्याय

प्रकरण कार्यकारी अभियंत्यांकडे गेलं तेव्हा मे संपत आला होता. ३४ पंप बंद होते. त्यांच्यासमोर तीन रस्ते होते.

देयक मंजूर करून शाखा अभियंत्यांना पुढच्या वर्षी सांभाळून राहायला सांगणं हा सगळ्यात सोपा. सिलिंडर आणि रॉड तपासणीत खरे उतरले होते, त्यामुळे या देयकापुरतं त्यात वरकरणी चूक नव्हती. पण पाइपांचा विषय तिथेच गाडला गेला असता.

दुसरा रस्ता, सगळं थांबवायचं: सर्व देणी रोखायची, फर्म काळ्या यादीत टाकायची, अभियंत्यांना निलंबित करायचं. लोकांना दिसायला हे चोख. पण नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी न देता काळ्या यादीत टाकलेली फर्म न्यायालयात टिकाव धरते, आणि मग मूळ दोषही वादात हरवतो. शिवाय सुटे भाग येणार कुठून? याच प्रश्नामुळे एक जुनं दुखणं वर आलं. जळगाव-धुळ्याचे मोठे विक्रेते या तालुक्याला दरपत्रक द्यायला तयारच नव्हते, कारण देयकं चार ते सहा महिने अडकायची. उधारीवर, त्याच दिवशी, टेम्पोने माल पोचवणारी फर्म अ एकटीच होती. इतकी लांब उधारी कोण देतो? ज्याला आतला माणूस भरवशाचा वाटतो तो. नात्यातला पुरवठादार कार्यालयाच्या दारात येतो तो बऱ्याचदा असा, थकलेल्या देयकांच्या मागून.

तिसरा रस्ता म्हणजे प्रश्न वेगळे करायचे. मालाचा दोष, दरपत्रकांचा बनाव, हितसंबंध आणि उन्हाळ्याची गरज हे चार वेगळे विषय, प्रत्येकाची नस्ती वेगळी, निर्णय घेणारा वेगळा. कार्यकारी अभियंत्यांनी हाच निवडला, आणि तो बरोबर होता. एकत्र चालवले असते तर सगळ्यात सावकाश चालणाऱ्या विभागीय चौकशीने बाकी तिन्ही अडवून धरले असते.

कार्यवाही

पहिल्या दोन दिवसांत शेजारच्या दोन तालुक्यांच्या भांडारांतून ६० पाइप वर्ग करून घेतले. रोख खरेदी झाली नाही, फक्त भांडार नोंदी झाल्या. तुटलेले पंप आधी, नुसत्या वॉशरसाठी बंद असलेले नंतर, असा क्रम लावला.

त्याच आठवड्यात लेखी आदेश निघाला: या फर्मशी संबंधित कोणतीही नस्ती शाखा अभियंत्यांकडे जाणार नाही, विनिर्देश आणि स्वीकृती शेजारच्या उपविभागाचे शाखा अभियंता पाहतील. अशा आदेशात नुसतं ‘दूर राहावे’ लिहून भागत नाही. काम कोणी करायचं त्याचं पदनाम लिहिलं नाही, तर आठ दिवसांत नस्ती जुन्याच टेबलावर परत येते.

मग निवेदन मागवलं. मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी त्यासाठी पाच प्रश्नांचा साधा नमुना केला. नात्याचा प्रश्न पहिला होता, त्याला तेच उत्तर आलं. चौथा प्रश्न असा होता: ‘आपणास किंवा आपल्या घरातील कोणास या पुरवठादाराकडून भाडे, व्याज, कमिशन, पगार किंवा उसनी रक्कम मिळते का, किंवा त्याला दिली आहे का?’ शाखा अभियंत्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: फर्म अचं गोदाम माझ्या पत्नीच्या नावावरच्या प्लॉटवर आहे, भाडं महिना ₹८,०००.

प्रकरण इथे फिरलं. साडू कुटुंबाबाहेरचा असेल, पत्नी तर कुटुंबातलीच. ज्या फर्मला ते आदेश देत होते, तिच्याकडून घरात दरमहा पैसे येत होते. हा प्लॉट त्यांनी दडवलेलाही नव्हता. दरवर्षीच्या मत्ता व दायित्वाच्या विवरणपत्रात तो होता. पण ते विवरणपत्र आस्थापना शाखेत बंद लिफाफ्यात जातं. त्यात मालमत्ता दिसते, भाडेकरू कोण ते दिसत नाही, आणि खरेदीची नस्ती हाताळणाऱ्याला ते उघडायचा अधिकार नसतो. वार्षिक विवरणपत्र आणि खरेदीची नस्ती यांची गाठ कुठेच पडत नव्हती.

पाइपांची तपासणी पंचनाम्याने झाली: भांडारपाल, दुसऱ्या उपविभागाचे अभियंता आणि फर्मचा प्रतिनिधी. प्रतिनिधी हजर ठेवला हे फार उपयोगी पडलं, नंतर वजनावर वाद झाला नाही. ६१० पैकी २३८ पाइप भांडारात होते, ते बदलून घेतले. बोअरमध्ये उतरलेल्या ३७२ पाइपांसाठी नगामागे ₹१५० फरक, म्हणजे ₹५५,८०० वसूल करायचे ठरले. ते थकलेल्या देयकातून वळते करायला लेखा शाखेने हरकत घेतली, आणि ती योग्य होती: देयक दुसऱ्या आदेशाचं होतं आणि पुरवठा आदेशात अशी वळतीची अटच नव्हती. शेवटी फर्मची लेखी संमती घेऊन कपात झाली. संमती मिळाली नसती तर प्रकरण लांबलं असतं, आणि सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचं देणं ४५ दिवसांपुढे गेलं की २००६ च्या कायद्याप्रमाणे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा दावा उभा राहू शकतो.

एक गोष्ट मात्र बिघडली. पारदर्शकता म्हणून शाखा अभियंत्यांचं निवेदन जसंच्या तसं सूचना फलकावर लावलं गेलं, पत्नीचं नाव आणि गट क्रमांकासह. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्याचे फोटो फिरले. ज्या बाईंचा खरेदीशी काही संबंध नव्हता, त्यांच्या दारात लोक येऊ लागले. निवेदन काढून घेतलं, पण तोवर कार्यालयातल्या इतरांनी बोध घेतला होता. पुढच्या फेरीत नमुने भरून आले, त्यातले बहुतेक ‘निरंक’, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही असे. खरं सांगणाऱ्याची अशी शोभा झाली तर पुढचा कोण सांगेल? फलकावर एवढंच पुरलं असतं: ‘अमुक खरेदीत शाखा अभियंता यांनी आर्थिक हितसंबंध जाहीर केला असून प्रक्रिया अमुक पदाकडे सोपवली आहे.’

निष्पत्ती

विभागीय चौकशीत शाखा अभियंत्यांवर नात्याचा ठपका आला नाही. दोन गोष्टी सिद्ध झाल्या: भाड्याचा हितसंबंध लेखी न कळवणं, आणि न तोलता, न मोजता ‘विनिर्देशाप्रमाणे’ असा दाखला देणं. एक वेतनवाढ रोखली गेली आणि खरेदीचं काम कायमचं काढून घेतलं. पाइप हलके आहेत हे त्यांना ठाऊक होतं, असा पुरावा मिळाला नाही. फर्म अ आणि ब यांना नोटीस आणि सुनावणीनंतर ठरावीक काळासाठी खरेदीतून वगळलं. कारण हलका माल आणि एकाच मालकाची दोन दरपत्रकं. मालक कोणाचा साडू, हे त्या आदेशात कुठेच नाही, आणि नसावंच.

पुढच्या हंगामाची मागणी नोव्हेंबरातच एकत्र केली आणि ई-निविदा काढली. मध्यम वर्गाचा पाइप पोचवून ₹९०५ ला मिळाला. मागच्या वर्षी ₹९५० आणि ₹९६० देऊन हलका घेतला होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी दाखला. स्वीकृतीच्या दाखल्यात ‘दहा नगांचे वजन … किलो, जाडी … मिमी’ अशी रिकामी जागा असती, तर पहिल्याच गाडीला माल परत गेला असता. भांडारात वजनकाटा होता, व्हर्निअरही होता. विचारणारा कागद तेवढा नव्हता.

हितसंबंधाचं निवेदन वर्षातून एकदा घेऊन काही साधत नाही. ते प्रत्येक नस्तीत हवं, आणि दर उघडण्याआधी हवं. दर पाहिल्यावर केलेलं निवेदन संशयालाच जागा देतं. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १७५ हितसंबंध जाहीर करण्याची जबाबदारी अधिकारी आणि बोलीदार दोघांवर टाकतो. तालुक्यातही पुरवठादाराकडून तसंच एक पान घ्यायला हवं होतं, कारण एक बाजू विसरली तर दुसऱ्या बाजूचा कागद बोलतो. नमुन्यात व्याख्येतल्या कुटुंबाबरोबर साडू, मेहुणा, व्याही, जावई, भाचा ही नाती नावानिशी लिहावीत. पैशाच्या बाजूला भाडं, उसनवारी, भिशी, शेतीतली भागीदारी आणि मालवाहतुकीची गाडी. केळीच्या पट्ट्यात ट्रकमधली भागीदारी ही अगदी नेहमीची गोष्ट, आणि ‘व्यवसाय आहे का’ असं विचारलं तर ती कोणी लिहीत नाही.

ग्रामपंचायत स्वतःच्या निधीतून पंप दुरुस्त करते तिथे प्रश्न आणखी कडक होतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ग) प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर सदस्यत्वच जातं. कर्मचाऱ्यासाठी निवेदन करून बाजूला होण्याचा मार्ग आहे. सदस्याने मात्र आधीच तपासून घ्यावं.

दरपत्रकं पुरवठादाराच्या हातून घेणं बंद करायला आदेशाची गरज नव्हती. कार्यालयाच्या ईमेलवर किंवा टपालाने मागवायची, आणि तुलनात्मक तक्त्यात दरापुढे तीन रकाने वाढवायचे: जीएसटीवरचं कायदेशीर नाव, नोंदणीची स्थिती, पॅनची दहा अक्षरं. लिपिकाला तीन फर्मसाठी दहा मिनिटं लागतात. भागीदारी संस्था असेल तर भागीदारांची नावं संस्था निबंधकाच्या नोंदवहीत फी भरून पाहता येतात, कंपनी असेल तर संचालकांची नावं कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर.

हे सगळं केलं तरी देयकं सहा महिने थकत राहिली, तर दारात तोच एक पुरवठादार उभा राहील. ई-निविदेला पाच बोली आल्या त्या तिच्यात ‘स्वीकृतीपासून ३० दिवसांत देयक’ ही अट होती म्हणून. त्यातल्या पहिल्या देयकाला ४१ दिवस लागले, आणि दुसऱ्या गाडीच्या आधी पुरवठादाराचा फोन आला तो त्याबद्दलच.